साखरपुडा पुण्यात, मुलगा श्टुटगार्टला: एका भांडणाचा उलगडा

मुलगी पुण्याची, सिंहगड रोडला आईसोबत राहते. वय २७, सीए, शिवाजीनगरच्या एका फर्ममध्ये ऑडिटचं काम. मुलगा मूळचा सांगलीचा, वय ३०, जर्मनीत श्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. जुलैत मॅट्रिमोनी साइटवर ओळख झाली. ऑगस्टमध्ये तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला तेव्हा कांदेपोहे, दोन्ही घरच्यांच्या भेटी, आणि परत निघायच्या तीन दिवस आधी साखरपुडा. लग्न वैशाखात, हॉलची आगाऊ रक्कम भरलेली.

या पंधरा दिवसांत दोघंच असे किती भेटले? दोनदा. एकदा कॅफेत अडीच तास, एकदा सिंहगडावर चार तास. बाकी सगळ्या वेळी खोलीत किमान चार नातेवाईक होते. म्हणजे साडेसहा तासांच्या शिदोरीवर नऊ महिन्यांचं फोनवरचं नातं चालवायचं होतं.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. साखरपुडा ते लग्न या काळात लांब राहणाऱ्या जोडप्यांत पुन्हापुन्हा दिसणारे धागे इथे एका जोडप्यात गुंफले आहेत.

भांडणाची रात्र

पहिले दोन महिने छान गेले. रोज रात्री साडेदहाला फोन, तासभर गप्पा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका मंगळवारी जे झालं ते फोनमधून जसंच्या तसं पाहता आलं. वेळा भारतातल्या.

११:३४. त्याचा फोन. तिने कट केला.
११:३६. ती: ‘झोपतेय. रोजचंच झालंय हे.’
११:३८. तो: ‘काय रोजचं?’
११:३९. ती: ‘काही नाही.’
११:४१. तो: ‘सांग ना.’
११:४७. ती: ‘तुला सगळी कामं उरकली की माझी आठवण येते. आईंना मात्र ऑफिसातूनही फोन करतोस. माझी किंमतच नाहीये.’
११:४८. दोन निळ्या टिका.
१२:२०. तो: ‘ठीक आहे.’

यानंतर त्याचा पुढचा मेसेज आला गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे जवळजवळ ४२ तासांनी. मधल्या काळात तिने त्याचं लास्ट सीन सतरा वेळा पाहिलं (आकडा तिचा). बुधवारी त्याच्या आईने तिच्या आईला फोन करून विचारलं, ‘पोरांचं काही बिनसलंय का हो?’ गुरुवारी सकाळपर्यंत सांगलीतल्या एका मावशीपर्यंत बातमी पोचली होती.

११:४८ ते १२:२० ही बत्तीस मिनिटं या प्रकरणातली सगळ्यात महागडी. तिला दिसत होतं ते असं: त्याने वाचलं, ‘टायपिंग’ आलं, गेलं, पुन्हा आलं, आणि शेवटी दोन शब्द. तिने लावलेला अर्थ, ‘त्याला फरक पडत नाही.’ त्याच्या बाजूने: चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. पहिल्यांदा लिहिलं ते रागाचं होतं, दुसऱ्यांदा माफीचं, पण माफी कशाबद्दल हे त्याला कळेना. शेवटी ‘ठीक आहे’ लिहिलं कारण त्याने भांडण वाढत नाही असं त्याला वाटलं. त्याच्या घरी वडील चिडले की आई ‘ठीक आहे’ म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि तासाभरात चहा बाहेर यायचा. इथे चहा पाठवता येत नाही.

एका घरात राहणाऱ्यांचं भांडण बोलण्याने कमी आणि बाकीच्या गोष्टींनी जास्त मिटतं. कुणी पाण्याचा ग्लास पुढे करतं, कुणी दिवा बंद करताना ‘उद्या लवकर उठायचंय ना?’ विचारतं. लांबच्या नात्यात फोन ठेवला की हे सगळंच बंद. शिवाय नातं नवं असेल तर गप्प बसण्याचा अर्थ लावायला जुना अनुभवही नसतो. दहा वर्षं संसार केलेली बायको म्हणते, ‘हा असाच आहे, उद्या येईल ताळ्यावर.’ साडेसहा तासांच्या ओळखीत ‘हा असाच आहे’ म्हणायला काही साठलेलंच नसतं, म्हणून गप्प बसणं थेट स्वभावाच्या खात्यावर जमा होतं.

आधी वही

समुपदेशकाचं दोघांशी आधी वेगवेगळं बोलणं झालं, प्रत्येकी चाळीस मिनिटं. ती म्हणाली, तो बदललाय, पूर्वी वेळेवर फोन करायचा. तो म्हणाला, मी एक दिवसही वेळ चुकवलेली नाही, तिलाच अचानक काय झालं कळत नाही. दोघंही खरं बोलत असतील अशा खात्रीने बोलत होते. अशा वेळी कोण खरं हे ठरवायला बसू नये, मागच्या महिन्याभराची नोंद काढायला सांगावी. फोनच्या कॉल लॉगवरून: तारीख, आपल्या घड्याळात किती वाजले, किती मिनिटं बोललो, शेवट कसा झाला.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि गोष्ट पाच मिनिटांत समोर आली. त्याच्या रकान्यात महिनाभर रोज ७:००, फार तर ७:०५. तिच्या रकान्यात १०:३०, १०:३५, १०:३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून ११:३०, ११:३५, ११:३०.

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तो त्याच्या सातला फोन करत राहिला. त्याच्या फोनने घड्याळ आपोआप बदललं, ऑफिसात सगळ्यांचंच बदललं, म्हणून त्याला काही बदलल्याचं जाणवलंच नाही. ती सकाळी साडेसहाला उठते. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरचा टॅक्स ऑडिटचा हंगाम तिने कमी झोपेवर काढला होता. तिला एवढंच दिसलं की हा आता तासभर उशिरा उगवतो आणि सांगतही नाही.

इथे दोघंही हसले, आणि असं हसल्यावर प्रकरण संपलं असं समजण्याची चूक पुष्कळ जोडपी करतात. घड्याळाने ठिणगी टाकली होती. पण ‘तासभर उशीर होतोय, लवकर करशील का?’ एवढं एक वाक्य दहा दिवसांत तिच्या तोंडून का निघालं नाही, आणि ‘कशाबद्दल चिडलीस?’ हे त्याने ४२ तासांत का विचारलं नाही, हे प्रश्न तसेच होते.

काय बिघडलं होतं

तिची तक्रार घटनेवर नव्हती, माणसावर होती. ‘किंमतच नाही’ याला उत्तर देता येत नाही. एक तर नाकारायचं, नाही तर गप्प बसायचं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं चित्रित करून त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नात्याला पोखरणाऱ्या ज्या चार सवयी त्यांनी सांगितल्या त्यांतल्या दोन इथे समोरासमोर होत्या: स्वभावावर टीका, आणि भिंतीसारखं गप्प होणं. या दोन्ही एकमेकींना खतपाणी घालतात. ती जितकं टोचून विचारणार तितका तो आत जाणार, तो जितका आत जाणार तितकं तिचं टोचणं वाढणार. दोघांपैकी कुणालाही विचारा, ‘सुरुवात दुसऱ्याने केली.’

त्यात माध्यम लेखी. लिहिणाऱ्याला आपला सूर मनात ऐकू येत असतो, वाचणाऱ्याला नाही. २००५ साली जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी ईमेलवर केलेल्या प्रयोगात लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपला उपरोध समोरच्याला कळेल. प्रत्यक्षात ओळखणाऱ्यांचं प्रमाण नाणं उडवण्यापेक्षा फार बरं नव्हतं. मराठीत तर ‘हं’, ‘बरं’, ‘ठीक आहे’, ‘काही नाही’ हे सगळे शब्द सुरावरच जगतात. ‘बरं’ म्हणजे होकार, वैताग, निरोप आणि ‘बघून घेईन’, यांतलं काहीही असू शकतं.

या जोडीत सगळ्यात घातक शब्द निघाला ‘बघू’. तो कुठे लपला होता ते पुढे येईल.

पहिला उपाय फसला

दोघांनी आपणच ठरवून टाकलं: रोज त्याच्या सहाला, म्हणजे तिच्या साडेदहाला, पाऊण तास व्हिडिओ कॉल, काही झालं तरी. आठवडाभरात तो कॉल म्हणजे नुसती हजेरी झाली. ‘जेवलास का?’ ‘काय जेवलीस?’ ‘अजून काय?’ ‘तूच सांग.’ तो साडेपाचला ऑफिसमधून निघून उपनगरी गाडीतून घरी येतो. वाटेत बोगदा आहे, तिथे नेटवर्क जातं. चेहरा गोठायचा, वाक्य अर्धं तुटायचं, तिला वाटायचं लक्ष नाही. एकाच आठवड्यात तीन कॉल ‘ऐकू येतंय का?’मध्ये गेले.

मग वेळापत्रक असं बसवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार: तिच्या पावणेअकराला, म्हणजे हिवाळ्यात त्याच्या सव्वासहाला, घरी पोचल्यावर, वीस मिनिटं. वीस झाली की ठेवायचं, गप्पा रंगल्या तरी. शनिवारी भारतात दुपारी दीड, तिकडे सकाळी नऊ, दीड तासाचा सावकाश कॉल. उरलेल्या दिवशी फोन नाही. दिवसातून एक व्हॉइस नोट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची, आणि त्या नोटला त्याच दिवशी उत्तर द्यायचं बंधन नाही. वेळ नेहमी भारतीय घड्याळात लिहायची, कारण ते वर्षभर हलत नाही. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवसाचं रिमाइंडर दोघांच्या फोनमध्ये.

रोजचा फोन बंद करणं तिला सुरुवातीला जड गेलं. मंगळवारी मेसेज आला नाही की पोटात गोळा. त्यावर उपाय साधा होता: गाडीत बसताना त्याने एक फोटो पाठवायचा, कसलाही. पुढच्या तीन आठवड्यांत तिच्याकडे जर्मन स्टेशनांवरच्या कबुतरांचे अकरा फोटो जमले.

तक्रार कुठे आणि कशी

ठरलं असं की तक्रार लिहून करायची नाही. पण ‘आपल्याला बोलायला हवं’ असं लिहून चार दिवस लटकत ठेवायचंही नाही. त्या वाक्याने माणसाची झोप उडते. मेसेजचा साचा ठरवला: ‘एक विषय आहे, हॉलच्या पैशांचा. शनिवारी बोलू. मोडण्यासारखं काही नाही.’ विषयाचं नाव, बोलायची वेळ, आणि धोका किती हे तिन्ही त्यात यायला हवं. शेवटचं वाक्य गाळलं की बाकीचं कुचकामी.

प्रत्यक्ष बोलताना आधी घटना, मग तिचा परिणाम, मग मागणी. तिचंच वाक्य नव्याने करून पाहिलं: ‘दहा दिवस फोन साडेअकराला येतोय. मला साडेसहाला उठायचं असतं, मी जागी राहू शकत नाही. साडेदहाला करता येईल का?’ हे मंगळवारी आलं असतं तर त्याचं उत्तर असतं, ‘साडेअकरा? मी सातलाच करतोय की!’ आणि घड्याळ तिथेच सापडलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून बरेच जण चमकतात. भांडणाचं बोलणं व्हिडिओवर करू नका, नुसत्या आवाजावर करा. तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या मायकेल क्राऊस यांच्या २०१७ सालच्या प्रयोगांत, चेहरा आणि आवाज दोन्ही असताना जेवढं कळलं त्यापेक्षा नुसत्या आवाजावरून लोकांना समोरच्याच्या भावना जास्त अचूक ओळखता आल्या. या जोडप्याच्या बाबतीत कारण आणखी सोपं होतं: व्हिडिओवर तो स्वतःचाच चेहरा बघत बसायचा आणि तिला वाटायचं नजर चुकवतोय. इअरफोन लावून, घराबाहेर चालत बोलणं त्याला जमलं.

थांबा म्हणायचा नियम, आणि त्याची पळवाट

भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की ऐकलेलं डोक्यात शिरत नाही, असं गॉटमन यांचं निरीक्षण. त्यांच्या प्रयोगशाळेत यंत्राचं निमित्त करून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली, तेव्हा पुढचं बोलणं निवळलेलं दिसलं. म्हणून थांबायचं किमान वीस मिनिटं, आणि त्या वेळात पुढचं उत्तर मनात घोळवत बसायचं नाही.

फोनवर मात्र ‘थांबू या’ आणि ‘फोन आपटला’ हे सारखंच ऐकू येतं. त्यामुळे नियमाला शेपूट जोडलं: जो थांबा मागेल त्यानेच परतीची वेळ सांगायची आणि त्यानेच फोन करायचा. कमाल मुदत २४ तास. त्याने पाठ केलेलं वाक्य: ‘आत्ता मला सुचत नाहीये. उद्या पावणेअकराला मीच करतो.’

नियम लागू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात त्याने तीनदा थांबा मागितला. वेळ पाळली, फोनही केला, पण परत आल्यावर विषय दुसराच. वही काढली. तिन्ही वेळी थांबा एकाच वाक्यानंतर आला होता. तिने विचारलं होतं, ‘तिकडे आल्यावर माझ्या नोकरीचं काय?’

इथे ‘बघू’ सापडला. ऑगस्टमध्ये कांदेपोह्यांच्या वेळी हाच प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला होता, ‘तिकडे गेल्यावर बघू.’ तिने त्याचा अर्थ घेतला, ‘मी बघतो, काहीतरी करतो.’ त्याच्या मनात होतं, ‘पहिलं वर्ष घरी राहील, भाषा शिकेल, मग पुढचं पुढे.’ तिच्या आईने घेतलेला अर्थ तिसराच: ‘नाही म्हणतोय, पण चांगल्या घरचा आहे म्हणून तोंडावर म्हणत नाही.’ एका शब्दावर तीन घरं उभी होती, आणि वीस मिनिटांच्या कॉलमध्ये ती पडण्याची भीती दोघांनाही होती. फोनच्या वेळेवर भांडणं त्यापेक्षा स्वस्त.

‘बघू’ला बंदी घातली. उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा ‘अमुक तारखेपर्यंत सांगतो’. दोन आठवड्यांत त्याने सहा तारखा दिल्या. चार पाळल्या.

नोकरीचा विषय, तीन शनिवार

पहिला शनिवार नुसता ऐकण्याचा. पंधरा मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकून ‘तू असं म्हणतेस, बरोबर?’ म्हणून परत सांगायचं. तो पहिल्या चार मिनिटांतच ‘पण’ म्हणाला, पुन्हा सुरुवात. तिच्या बोलण्यात नोकरीपेक्षा मोठी गोष्ट निघाली: सीए होताना शेवटच्या परीक्षेचे दोन प्रयत्न गेले, तेव्हा वडील नुकतेच वारले होते. ती पदवी तिच्यासाठी कागद नाही. हे त्याला पहिल्यांदा कळलं. साखरपुडा झाला होता, हे नव्हतं कळलं.

दुसरा शनिवार माहितीचा. प्रत्येकाने आठवडाभरात शोधलेलं मांडायचं. जर्मनीत कर सल्लागार आणि लेखापरीक्षक हे नियमनाखालचे व्यवसाय आहेत. भारतीय सीएच्या जोरावर तिथे तशी सनद मिळत नाही, वेगळी परीक्षा आहे आणि ती जर्मनमध्ये. तो ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना) असल्याने जोडीदाराच्या व्हिसासाठी भाषेच्या परीक्षेची अट नाही, आणि पोचल्यावर तिला काम करता येतं. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही, भाषेची आहे. या दोन गोष्टी आधी दोघांच्याही डोक्यात सरमिसळ होत्या.

तिसऱ्या शनिवारी निर्णय. तिने जानेवारीपासून पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचा वर्ग लावायचा. इथली नोकरी लग्नापर्यंत सोडायची नाही. लग्न वैशाखातून डिसेंबरात न्यायचं. हॉलवाल्याने आगाऊ रकमेतले निम्मेच पैसे परत केले. मुलाचे वडील आठवडाभर धुसफुसत होते.

वडीलधाऱ्यांना सांगायचं कसं, यावरही अर्धा तास गेला. साखरपुड्यानंतर ती त्याच्या आईला ‘काकू’वरून ‘आई’ म्हणायला लागली होती, आणि नवं नातं गोड ठेवायच्या नादात ‘झोपलीस का गं? बोललात का आज?’ या प्रश्नाला खरं उत्तर देऊन बसायची. नियम केला: प्रत्येकाने आपापल्या घरी आपणच सांगायचं, निर्णय सांगायचा, भांडण नाही. तारीख पुढे गेल्याचं सांगलीला त्याने सांगितलं, ‘आम्ही ठरवलंय’ म्हणून. ‘तिला हवंय’ असं म्हटलं असतं तर डिसेंबरात लग्न झालं असतं आणि सून म्हणून तिचं खातं उधारीवर सुरू झालं असतं.

जिथे हे लागू नाही

त्याचं ४२ तासांचं गप्प बसणं हा गोंधळ होता, शिक्षा नव्हती. फरक कसा ओळखायचा? गोंधळलेला माणूस विचारल्यावर खुलासा करतो आणि पुढच्या वेळी थोडा तरी बदलतो. जिथे लाइव्ह लोकेशन मागितलं जातं, पासवर्ड मागितले जातात, ‘आत्ता कॅमेरा लाव, कोण आहे दाखव’ म्हटलं जातं, किंवा माफी मागेपर्यंत ठरवून अबोला धरला जातो, तिथे वर लिहिलेली वेळापत्रकं आणि साचे वापरू नयेत. त्याने ताबा ठेवणाऱ्याची सोयच होते. परदेशातल्या स्थळाची नोकरी, पत्ता, आधीचं लग्न यांची कागदोपत्री खात्री वेगळी आणि आधी करायची. फसवणुकीच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांचा कक्ष आहे.

फेब्रुवारी

तो बारा दिवसांसाठी आला. लांबचं नातं जवळ आल्यावर उलट अवघड होऊ शकतं: लॉरा स्टॅफर्ड, अँडी मेरोला आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात, लांब राहून मग एका गावात आलेल्या अविवाहित जोडप्यांपैकी साधारण एक तृतीयांश तीन महिन्यांत वेगळी झाली. फोनवर माणूस निवडक दिसतो. म्हणून बारातले तीन दिवस नातेवाईकांविना मोकळे ठेवले होते, आणि त्यात मुद्दाम कंटाळवाणी कामं घातली होती: बँक, टेलर, तिच्या आईच्या चष्म्याचा नंबर. तिला कळलं की तो रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालतो. त्याला कळलं की भूक लागली की तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. टेलरच्या दुकानात दोघांचं वाजलं, बाहेर येऊन उसाचा रस प्यायल्यावर निवळलं. ही सोय फोनवर नव्हती.

शनिवारच्या यादीत एक विषय अजून तसाच आहे: ती गेल्यावर सिंहगड रोडच्या घरात आई एकटी. त्यावर तीनदा बोलणं झालं, दोनदा थांबा मागितला गेला, एकदा तिनेच. सध्या त्याच्यापुढे ‘सांगतो, १५ मेपर्यंत’ असं लिहिलेलं आहे, त्याच्या अक्षरात.